पक्षी उभा असतो ती जागा

(सोलापूर येथील स्मृती-व्याख्यानाचे मुद्रित रूप)



ज्या सरांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान आहे, ते आम्हा मुलांना रविवारी पहाटे सायकली काढायला लावून नान्नजच्या माळावर न्यायचे. पोचलो रे पोचलो की आमचा गलका सुरू व्हायचा : "सर, माळढोक कुठाय?" सर सायकल स्टँडवर लावायचे, टोपी सारखी करायचे आणि म्हणायचे, "आधी माळ बघा." आम्ही हिरमुसायचो. माळात काय बघायचं? गवत, दगड, कुसळं. सर पुन्हा म्हणायचे, "पक्षी उभा असतो ती जागा आधी बघा. ती कळली की पक्षी दिसेल." हे वाक्य मी नंतर फार लांब घेऊन गेलो. केनियात, टांझानियात, युगांडात. आज तेच घेऊन परत आलो आहे.

विषय आहे पूर्व आफ्रिकेतली पक्षिनिरीक्षणाची सफारी. या 'सफारी' शब्दापासूनच सुरुवात करू. आपल्याला तो इंग्रजी वाटतो. तो स्वाहिली आहे, आणि स्वाहिलीत तो अरबीतून आला. त्याच अरबी मुळातून आपल्याकडे 'सफर' आली. स्वाहिली बोलणाऱ्याच्या लेखी सफारी म्हणजे साधा प्रवास. मामाच्या गावाला जाणं हीसुद्धा सफारीच. तिथे गाडीला 'गारी' म्हणतात, दुकानाला 'दुका', चहाला 'चाय'. मोसमी वाऱ्यावर शेकडो वर्षं इकडची गलबतं तिकडे जात होती, त्याच्या या खुणा. आणखी एक शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. पक्ष्याला स्वाहिलीत 'न्देगे' म्हणतात. विमानालाही न्देगेच म्हणतात.

आता एक आकडा. युगांडा आपल्या महाराष्ट्राहून लहान आहे. महाराष्ट्र ३ लाख ७ हजार चौरस किलोमीटरचा, युगांडा सुमारे २ लाख ४१ हजारांचा, आणि त्यातलाही बराच भाग सरोवरांचा. तरी तिथे १,००० हून अधिक जातींच्या पक्ष्यांची नोंद आहे. केनियात १,१०० च्या वर. आपल्या सबंध भारतात, हिमालयापासून अंदमानापर्यंत, साडेतेराशेच्या आसपास. एवढ्याशा जागेत एवढे पक्षी कसे?

उत्तर जमिनीत आहे. आफ्रिकेचं कवच तिथे लाखो वर्षं हळूहळू दुभंगत आलं आहे. त्या भेगेला आपण खचदरी म्हणतो. दरीच्या तळाशी सरोवरं, काठावर ज्वालामुखींचे डोंगर, त्यापलीकडे गवताळ पठारं. पश्चिमेला काँगोच्या सदाहरित अरण्याची टोकं आत शिरलेली, पूर्वेला हिंदी महासागराच्या काठचं कोरडं जंगल. विषुववृत्त या सगळ्यातून जातं, आणि तिथून फार लांब नसलेल्या ५,८९५ मीटर उंचीच्या किलिमांजारोच्या माथ्यावर बर्फ आहे. आपण सोलापूरहून पहाटे निघून दुपारी कोयनेच्या रानात उतरलो, तर चंडोल मागे राहतो आणि धनेश दिसायला लागतो. तसं तिथे एका दिवसात चार-चार वेळा होतं. १९८६ च्या नोव्हेंबरात टेरी स्टीव्हन्सन, जॉन फॅनशॉ आणि अँडी रॉबर्ट्स यांनी केनियात एका दिवसात ३४२ जाती नोंदवल्या. पुढे यांतल्याच दोघांनी, स्टीव्हन्सन आणि फॅनशॉ यांनी, पूर्व आफ्रिकेच्या पक्ष्यांचं हस्तपुस्तक लिहिलं. आज तिकडे जाणाऱ्या प्रत्येक पक्षिनिरीक्षकाच्या मांडीवर ते असतं. ३४२ ही धाव एका दिवसाची होती, पुस्तकामागे बरीच वर्षं आहेत. मला विचाराल तर त्यांचं मोठं काम हे दुसरं.

हजार जाती म्हणजे हजार जागा. मी तुम्हाला त्यांतल्या चार-पाचच जागी नेणार आहे. यादी वाचून दाखवणार नाही.

पहिली जागा गवताळ माळ. केनियातल्या मसाई माराच्या शेजारचा.

पहाट होती. गाडीचं छत वर उचललेलं, थंडी बोचत होती. नैरोबी परिसर सतराशे मीटर उंचीवर आहे आणि हे पठारही त्याच तोडीचं. विषुववृत्त म्हणून नुसत्या सदऱ्यावर जाणारा माणूस तिथे कुडकुडतो. आमचा मार्गदर्शक मला 'म्झे' म्हणायचा. वडीलधाऱ्याला आदराने तसं म्हणतात, आपण काका म्हणतो तसं. त्याने गाडी थांबवली आणि हनुवटीने खूण केली. कमरेएवढा उंच, करड्या मानेचा पक्षी एकेक पाऊल मोजून टाकत चालला होता. माझ्या तोंडून निघालं, "माळढोक!"

तो होता कोरी बस्टर्ड. पण मी फार चुकलो नव्हतो. आपला माळढोक आणि हा कोरी एकाच, आर्डिओटिस नावाच्या, प्रजातीतले. सख्खे नाहीत, चुलत भाऊ म्हणा. नर १८ किलोपर्यंत भरतो; उडू शकणाऱ्या पक्ष्यांतल्या सर्वांत जड पक्ष्यांत त्याची गणना होते. विणीच्या दिवसांत तो मान फुगवतो, शेपूट पाठीवर उलटी घेतो, आणि लांबून जाणवणारा खोल हुंकार देतो. तेच चालणं. तीच मान. तेच थबकून चौफेर पाहणं. माझे डोळे भरून आले, ते इथे सांगायला मला संकोच वाटत नाही. आपल्या माळावरून जे जवळजवळ पुसलं गेलं, ते समोर सहज चालत होतं.

आणि त्याच्यापासून दोनशे पावलांवर गुरं चरत होती. मसाई गुराखी लाल शाल पांघरून काठीवर भार देऊन उभा. पक्षी गुरांना भीत नव्हता, गुराखी पक्ष्याकडे पाहत नव्हता. मी मार्गदर्शकाला विचारलं, "हे राखीव क्षेत्र ना? मग गुरं कशी?" त्याने जे समजावलं, ते सोलापुरात उभं राहून सांगणं मला अगत्याचं वाटतं.

माराच्या सरकारी राखीव क्षेत्राभोवतीची जमीन मसाई कुटुंबांच्या नावावर आहे. २००५ च्या सुमारापासून या कुटुंबांनी आपापले तुकडे जोडून सामायिक राखीव माळ उभे केले. पर्यटकांचे तंबू-निवास चालवणारे या जमिनीचं भाडं देतात. ते थेट जमीनमालकाला जातं, आणि सिंह दिसो न दिसो, ठरल्याप्रमाणे जातं. बदल्यात मालक कुंपण घालत नाही, नांगरत नाही, आणि गुरं कुठल्या पट्ट्यात कधी चारायची हे सगळे मिळून ठरवतात. गुरं बाहेर काढलेली नाहीत. गुरांनी खाल्लेल्या आखूड गवतात कोरीला पुढचं दिसतं, टोळ सापडतात.

आता नान्नज आठवा. माळढोक अभयारण्य १९७९ चं. कागदावर साडेआठ हजार चौरस किलोमीटर. त्यात गावं आली, शेतं आली, रस्ते आले. जमिनीच्या खरेदी-विक्रीला अडचण आली, बिगरशेती होईना, आणि राग कुणावर निघाला? पक्ष्यावर. ज्याला आपला म्हणून मिरवावं, त्याचं नाव लोक कपाळाला आठ्या घालून घेऊ लागले. पुढे ते क्षेत्र बाराशे चौरस किलोमीटरच्या आसपास आणलं गेलं, पण तोवर माळ उसाखाली आणि इमारतींखाली गेला होता. आज सबंध देशात मोकळ्या रानात जेमतेम दीडशे माळढोक उरले असतील. उरलेल्यांना विजेच्या तारा मारतात, कारण या पक्ष्याला समोरचं कमी आणि बाजूचं जास्त दिसतं, आणि जड असल्यामुळे आयत्या वेळी वळता येत नाही. कोरीलाही तारांचा धोका आहेच.

माराची व्यवस्था दोषहीन नाही. मार्च २०२० मध्ये विमानं थांबली, पर्यटक थांबले, आणि भाड्याची आवक आटली. पक्ष्याचं भवितव्य दूरच्या माणसाच्या सुट्टीवर टांगलेलं असणं चांगलं नाही. तरीही मी म्हणेन की मूळ विचार खरा आहे. माळ राखणाऱ्याच्या घरात माळाचा पैसा गेला पाहिजे. आपण नान्नजच्या शेतकऱ्याला काय दिलं?

दुसरी जागा पाण्याची आहे. पण कसलं पाणी?

आपल्या घरात धुण्याचा सोडा असतो, पापडात पापडखार असतो. त्या जातीच्या क्षाराने भरलेलं पाणी डोळ्यांपुढे आणा. टांझानियाच्या उत्तर टोकाला नॅट्रॉन सरोवर आहे. त्याच्या दक्षिणेला ओल दोइन्यो लेंगाई, मसाईंचा देवाचा डोंगर. हा जिवंत ज्वालामुखी आहे, आणि त्याच्यातून निघणारा लाव्हा जगावेगळा, सोडायुक्त. डोंगरावरचा आणि भोवतालचा क्षार वाहून सरोवरात येतो, बाहेर जायला वाट नाही, ऊन पाणी उडवून नेतं. उरतो तो सोडा, कुठे गुलाबी, कुठे पांढरा, साईसारखा थिजलेला. त्या चिखलावर पाय ठेवला तर कातडी भाजते.

आणि हीच छोट्या रोहित पक्ष्यांची बाळंतिणीची खोली आहे. जगातल्या छोट्या रोहितांपैकी सुमारे तीन चतुर्थांश या एका सरोवरात जन्माला येतात.

इथे का? कारण इथे दुसरं कुणी येऊ शकत नाही. कोल्हा नाही, तरस नाही, माणूस नाही. सरोवराच्या मधोमध चिखलाचे छोटे बुरूज उभारून त्यावर एकेक अंडं. खालचा चिखल तापलेला, बुरुजाचा माथा तेवढा सुसह्य. आपल्या लेकराला वाचवायला त्यांनी जगातली सर्वांत वैरी जागा निवडली. आणि खातात काय? याच खारट पाण्यात वाढणारं सूक्ष्म निळं-हिरवं शेवाळ, औषधाच्या दुकानात स्पिरुलिना नावाने गोळ्या मिळतात त्याच गोत्रातलं. रोहित डोकं उलटं करून चोच पाण्यात घालतो, जीभ पंपासारखी चालते, आणि चोचीतल्या बारीक चाळणीत ते अडकतं. पंखांचा गुलाबी रंग त्या शेवाळातूनच येतो.

१९५०च्या दशकापर्यंत हे पक्षी पिल्लं कुठे घालतात याचा अभ्यासकांना नीट पत्ता नव्हता. लेस्ली ब्राउन नावाचे केनियात काम करणारे शेतकी अधिकारी होते. त्यांना विमानातून नॅट्रॉनच्या मध्यभागी वसाहत दिसली. १९५४ साली ते चालत निघाले. कवच फुटून चिखलात रुतले, बुटांत सोडा शिरला, पाय भाजून काळे पडले. जेमतेम काठाला लागले. इस्पितळात पायांवर नवी कातडी लावावी लागली. बरे झाल्यावर त्यांनी काय केलं असेल? पुन्हा त्याच पक्ष्यांच्या मागे गेले. १९६२ मध्ये नॅट्रॉनला पूर आला, तेव्हा रोहितांनी शेजारच्या केनियातल्या मगाडी सरोवरात वीण केली. तिथे पिल्लांच्या पायांवर सोड्याची कडी जमू लागली. पैंजणासारखी, पण जड, चालता येईना. ब्राउन आणि त्यांच्याबरोबरच्या माणसांनी चिखलात उतरून सुमारे २७,००० पिल्लांची कडी हलक्या हाताने फोडली. एकेक पिल्लू हातात धरून. आकडा नुसता ऐकू नका. सत्तावीस हजार वेळा वाकणं म्हणजे काय, याचा विचार करा.

आपल्या उजनीच्या पाणफुगवट्यावर, भिगवणला, हिवाळ्यात रोहित येतात. ते मोठे रोहित. छोटे रोहित आपल्याला मुंबईत दिसतात, शिवडीला, ठाण्याच्या खाडीत. तेही दूरचे नातलगच. कच्छच्या रणातली रोहितांची नगरी सलीम अलींनी जगापुढे मांडली, त्यानंतर काही वर्षांनी तिकडे ब्राउन आपल्या सरोवरांकडे पाहत होते. म्हणून पुढची गोष्ट आपल्याला लागते. २००६ नंतर नॅट्रॉनच्या काठी सोडा काढण्याचा मोठा कारखाना घालायची योजना आली, आणि तिच्यात मुंबईत मुख्यालय असलेला एक उद्योगसमूह होता. जगभरच्या पक्षिप्रेमींनी विरोध केला, आणि तो समूह मागे फिरला. मागे फिरला, याची नोंद मी आनंदाने करतो. पण ती योजना कागदावर आली, याचीही नोंद ठेवली पाहिजे.

केनियातल्या नाकुरू सरोवराचं दुखणं निराळं आहे. गुलाबी काठाची जी छायाचित्रं आपण कॅलेंडरवर पाहिली, ती नाकुरूची. मी गेलो तेव्हा गुलाबी काठ नव्हता. पाण्यात उभी वाळलेली बाभळीची झाडं होती, आणि उद्यानाचं जुनं प्रवेशद्वार पाण्याखाली गेलेलं. २०१० नंतर खचदरीतली सरोवरं चढत गेली आहेत. पाऊस वाढला, वरच्या डोंगरांवरची झाडी कमी झाल्याने पाणी धावत खाली आलं, आणि खारं पाणी गोडं होत गेलं. आपल्या मराठवाड्यातल्या, सोलापुरातल्या माणसाला हे ऐकायला विचित्र वाटेल. गोडं पाणी वाढलं, म्हणून पक्षी उपाशी! पण शेवाळाला खार हवा. शेवाळ विरळ झालं, रोहित बोगोरिया सरोवराकडे गेले, आणखी कुठे गेले. नाकुरूत आता मासे खाणारे पाणकावळे आणि झोळीवाले मजेत आहेत. जागा तिथेच आहे, नाव तेच आहे, पण ती जागा आता त्यांची राहिलेली नाही.

मघाशी मी न्देगे शब्द लक्षात ठेवायला सांगितला होता. २० मे २०२४ ला रात्री मुंबईत उतरणाऱ्या एका विमानाची घाटकोपरवर रोहितांच्या थव्याला धडक बसली. ३९ पक्षी मेले. सकाळी वस्तीतल्या लोकांनी रस्त्यावरून गुलाबी पंख गोळा केले. त्या दिवशी मला तो स्वाहिली शब्द आठवला आणि दिवसभर दुसरं काही सुचलं नाही.

आता दलदलीत जाऊ. युगांडात एंटेबीच्या पलीकडे, व्हिक्टोरिया सरोवराच्या एका हाताशी माबांबा नावाचा पाणथळ पट्टा आहे. पपायरसचं दाट लव्हाळं, मध्ये होडीपुरत्या वाटा. आम्ही तिघे एका अरुंद लाकडी होडीत, नावाडी मागे बांबू रेटतो आहे. शोधत होतो शूबिल. चोच लाकडी बुटासारखी, वीतभर लांब. पक्षी चार फुटांचा, शिळेच्या रंगाचा.

दीड तास काही नाही. मग नावाड्याने बांबू थांबवला. तो होता. लव्हाळ्याच्या कडेला, पाण्याकडे मान झुकवून. आम्ही पाऊण तास पाहिलं. पाऊण तासात त्याने दोनदा डोळे मिटले. याला आळस म्हणायचं का? तळाशी फुप्फुसमासा असतो. त्याला हवेसाठी अधूनमधून वर यावंच लागतं. शूबिल त्या एका क्षणासाठी उभा असतो. तो क्षण आमच्यासमोर आला. अख्खा पक्षी कोसळावा तसा पाण्यात पडला, आणि उठला तेव्हा चोचीत मासा आणि मूठभर लव्हाळं. कडा एकमेकींवर घासून त्याने गवत कापून टाकलं आणि मासा गिळला.

नावाडी मूळचा मासेमार. त्यांच्यात पूर्वी समज होती की सकाळी हा पक्षी दिसला की त्या दिवशी जाळं रिकामं जातं. म्हणून दिसला की मारत. आज तेच मासेमार पाहुण्यांना होडीतून त्याच्यापाशी नेतात, आणि होडी किती अंतरावर थांबवायची ते त्यांना नेमकं कळतं. आमच्यातल्या एकाला जवळून फोटो हवा होता. नावाड्याने नकारार्थी मान हलवली. "आता पुढे नाही. उडाला तर आज पुन्हा उभा राहणार नाही." पैसे देणारे आम्ही, आणि नाही म्हणणारा तो. मला त्याचा फार आदर वाटला.

पक्षी आणि माणूस यांचं याहून जुनं नातं पाहायचं असेल तर मधदर्शकाकडे या. चिमणीहून थोडा मोठा, रंगाने साधा. त्याला मेण आवडतं, पण पोळं फोडता येत नाही. माणसाला पोळं फोडता येतं, पण सापडत नाही. मग हा पक्षी माणसापाशी येऊन किलबिलतो, पुढच्या झाडावर जातो, थांबतो, मागे पाहतो. उत्तर केनियातले बोराना लोक ओंजळीत किंवा शंखात फुंकून शीळ घालतात आणि त्याला बोलावतात. हुसेन इसाक हे स्वतः बोराना. त्यांनी सहकाऱ्यासह मोजणी करून १९८९ मध्ये प्रसिद्ध केलं : पक्ष्याशिवाय पोळं शोधायला सरासरी ८.९ तास, पक्ष्याबरोबर ३.२ तास. टांझानियातल्या हाद्झा लोकांचीही स्वतंत्र शीळ आहे. हा पक्षी पाळलेला नाही. तो रानटी आहे, आणि स्वखुशीने बोलतो. मात्र जिथे दुकानात साखर मिळू लागली, तिथे माणसांनी शीळ घालणं सोडलं. बोलणारा कुणी नसेल, तर त्याने कुणाशी बोलावं?

जंगलांबद्दल फार बोलणार नाही, वेळ पुढे सरकला आहे. पण दोन गोष्टी सोडवत नाहीत.

केनियाच्या किनाऱ्यावर अराबुको-सोकोके हे सव्वाचारशे चौरस किलोमीटरचं कोरडं जंगल आहे. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यालगत अशा जंगलाचा एवढा मोठा सलग तुकडा दुसरा नाही. तिथलं सोकोके घुबड वितीएवढं, वजन पन्नास ग्रॅमच्या आसपास. १९६६ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं डिलन रिप्ली यांनी. सलीम अलींबरोबर भारत-पाकिस्तानच्या पक्ष्यांचे दहा खंड लिहिणारे तेच रिप्ली. दिवसा हे घुबड झुडपात सालीच्या रंगाचं होऊन बसतं. आम्हाला ते दाखवणारा तरुण पहाटेच रानात जाऊन जोडी कुठे टेकली आहे ते पाहून आला होता. त्याने बोट दाखवलं, तरी दोन मिनिटं मला ते दिसलं नाही. या जंगलात पर्यटकांकडून मिळणाऱ्या पैशातून भोवतालच्या गावांतल्या मुलांना माध्यमिक शाळेच्या शिष्यवृत्त्या मिळतात. घराचा सरपणाचा भारा आणि मुलीची फी यांची गाठ तिथे अशी घातली आहे.

दुसरी गोष्ट दुखरी आहे. युगांडातलं ब्विंडीचं अरण्य १९९१ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. तिथले हिरव्या पंखांचे, जगात फार थोड्या ठिकाणी मिळणारे पक्षी पाहायला आपण जातो, गोरिलांना पाहायला जातो. त्या अरण्यात पिढ्यान्‌पिढ्या राहणारे बात्वा लोक मात्र तेव्हा बाहेर काढले गेले, जमिनीशिवाय. आज त्यांतले काही जण पर्यटकांना आपल्याच जुन्या रानाची वाट दाखवतात. ज्याच्या कानाला तिथला प्रत्येक आवाज ओळखीचा, तो पाहुण्यासारखा परवानगी घेऊन आत येतो. पक्षी वाचला याचा मला आनंद आहे. पण जागा वाचवताना जागेतला माणूस उपटायचा, हे मला मान्य नाही, आणि सरांनाही झालं नसतं.

एक विनंती, जाणाऱ्यांसाठी. घाई करू नका. आठ दिवसांत दोन जागा पुरेत. नैरोबीच्या संग्रहालयापाशी दर बुधवारी सकाळी पक्षिनिरीक्षणाची फेरी निघते. तिथली निसर्ग-इतिहास संस्था १९०९ ची आहे, आपल्या मुंबईच्या संस्थेची जणू धाकटी बहीण. पहिली सकाळ त्या फेरीला द्या. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बाहेर ओढू नका. विणीच्या दिवसांत तो घरटं सोडून भांडायला येतो, आणि आपण फोटो काढून निघून जातो. स्थानिक मार्गदर्शक घ्या आणि त्याचा कान वापरा. आणखी एक, या पक्ष्यांना मराठीत नावं द्या. आपल्या सोलापूरच्या मातीतल्या मारुती चितमपल्लींनी पक्षिकोश रचला, रानातल्या माणसांकडून शब्द गोळा करून. मघाशी मी मधदर्शक म्हणालो. कुणाला याहून गोड शब्द सुचला तर मला जरूर कळवा.

शेवटी केनियातल्या त्सावोला जाऊ. तिथे न्गुलिया नावाची टेकडी आहे आणि तिच्या कड्यावर एक निवास. नोव्हेंबर-डिसेंबरात रात्री धुकं उतरतं, आणि युरोप-आशियातून दक्षिणेकडे निघालेले पक्षी निवासाच्या दिव्यांकडे ओढले जातात. १९६९ पासून अभ्यासक तिथे जाळ्या लावून त्यांना पायात वळं घालून सोडतात. याच मोसमात, आपल्या नागालँडवरून आलेले अमूर ससाणेही अरबी समुद्र एका दमात ओलांडून या प्रदेशावरून पुढे दक्षिणेला जातात. २०१२ मध्ये नागालँडात त्यांची प्रचंड कत्तल उघडकीला आली, आणि पुढच्याच वर्षी तिथल्या गावकऱ्यांनी ती थांबवली. हे मी त्सावोतल्या मार्गदर्शकाला सांगितलं, तेव्हा त्याने मला ते गाव कसं आहे, लोक काय करतात, काय खातात, हे सगळं विचारलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी काटेरी बाभळीच्या शेंड्यावर एक पक्षी दिसला. काळा-पांढरा, डोक्यावर शेंडी. तो गप्प होता. मी कितीतरी वेळ दुर्बीण खाली घेतली नाही. मार्गदर्शक म्हणाला, "यातले काही इथलेच असतात, काही तुमच्याकडून येतात. हा कुठला, ते मला सांगता येणार नाही." मग त्याने विचारलं, "तुमच्याकडे याला काय म्हणतात?"

"चातक," मी म्हणालो.

त्याने मला ते तीनदा म्हणायला लावलं, स्वतः म्हणून पाहिलं आणि वहीत लिहून घेतलं. आमच्याकडे जूनमध्ये हा आला की शेतकरी आभाळाकडे पाहतो, हे मी त्याला सांगितलं. त्याने वही मिटली आणि टेकडीमागे बोट केलं. तिकडे आभाळ काळं झालं होतं. "इथेही तो पावसातच दिसतो, म्झे," तो म्हणाला, आणि गाडीचं छत खाली ओढायला उठला. पहिले थेंब पडले, तेव्हा चातक अजून शेंड्यावरच होता.